सेवा, वेठ आणि अगतिकता

६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेली तांबरम-रामेश्वरम गाडी पांबनचा पूल ओलांडण्यापूर्वी मंडपमच्या भूमीवरून जाते. जुलै १९८३ च्या हत्याकांडानंतर नावांतून पळून आलेल्या श्रीलंकेतील तमिळांना प्रथम जेथे ठेवले जाई, ती छावणी या मंडपमचीच. अशा माणसाला तमिळमध्ये ‘अगदि’ म्हणत आले आहेत. शब्द मूळ संस्कृत ‘अगति’. मराठी ‘अगतिक’ त्याचाच भाऊबंद. ‘निर्वासित’ या शब्दात हुसकावणाऱ्याची आठवण आहे, ‘शरणार्थी’त याचना आहे, ‘अगदि’त केवळ वाट खुंटलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाने छावण्यांच्या नावात त्याऐवजी ‘मरुवाळ्वु’, म्हणजे पुनर्वसन, हा शब्द घातला, तो उगीच नव्हे.

आश्रितांवर स्वयंसेवेची सक्ती असावी काय, हा प्रश्न आज देशोदेशी उपस्थित होतो. जर्मनीत १९९३ च्या कायद्यान्वये आश्रयार्थीने नेमून दिलेले काम सबळ कारणावाचून नाकारल्यास त्याच्या साहाय्यात कपात होऊ शकते. कामाचा मोबदला २०१६ पासून तासाला ८० सेंट. कामाने भाषा येते, यजमान समाजाचा आकस निवळतो, हा सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. परंतु ‘सक्तीची स्वयंसेवा’ ही पदरचना स्वतःलाच खोडून काढते. सक्तीच्या फुकट कामासाठी मराठीत ‘वेठ’ हा शब्द आहेच. तो ‘विष्टि’पासून आला. चोळकालीन शिलालेखांत ‘वेट्टि’ याच अर्थाने येतो. हा भेद दोन्ही भाषांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे, आणि ते संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही. याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कार्यासाठी सक्तीच्या सेवेची मुभा आहे. धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करू नये, एवढीच अट. राष्ट्रीयत्वाचा उल्लेख तेथे नाही, ही फट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तथापि आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत घेतलेले कामही वेठच ठरविले, कारण गरज हीदेखील सक्ती असते. छावणीत ही गरज उघड दिसते. २०२१ च्या वाढीने कुटुंबप्रमुखास दरमहा १५०० रुपये, इतर प्रौढांस १००० रुपये ठरले. उरलेला संसार रंगकाम, बांधकाम अशा रोजंदारीवर चालतो. सेवेचा सक्तीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज.

खरी सेवा छावण्यांत सक्तीवाचून झाली. एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये स्थापिलेल्या ‘ऑफर’ या संस्थेत आश्रितांनीच आश्रितांच्या मुलांना शिकविले, आरोग्याची कामे केली. मात्र १ जुलै १९८७ पासून येथे जन्मलेल्याला, आईवडिलांपैकी कोणीही भारतीय नसल्यास, जन्माने नागरिकत्व नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत श्रीलंकेचे नाव नाही. अशांची सेवा जमा करण्यास कायद्यात खातेच उघडलेले नाही.