नावात गाय, शेतात रोजडा

इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैनकडे निघालं, की हिवाळ्यात शेतांच्या बांधावर साड्या दिसतात. जरीचा काठ सुटलेल्या, उन्हाने विटलेल्या, कुठे लग्नातली लालभडक तर कुठे रोजच्या वापरातली छापील. बांबूंना एकीला दुसरी गाठ मारून अख्ख्या हरभऱ्याला साडी नेसवलेली असते. वाऱ्याने पदर हलला की आत कोणी उभं आहे असं जनावराला वाटावं, हा हेतू. आठ-पंधरा दिवस तसं वाटतंही. नंतर जनावर सरावतं आणि साडीवरून उडी मारून आत येतं.

हे जनावर म्हणजे माळव्यातला रोजडा. विदर्भात त्याला रोही म्हणतात, पुस्तकात नीलगाय. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. रंग निळसर करडा, गळ्याखाली केसांचा झुपका, शिंगं मात्र त्या देहाला न शोभणारी, वीतभर. मादी भुरकट, बिनशिंगी आणि बऱ्याचदा जुळी पिल्लं देणारी. रोजडा गवत चरतो तसा झाडपालाही ओरबाडतो, त्यामुळे एक गोष्ट संपली म्हणून त्याचं अडत नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तो वरच्यावर खुडतो. पण शेतकऱ्याला जास्त झोंबतं ते खाणं नव्हे, तुडवणं. दहा-बारा जनावरांचा कळप एका रात्रीत ओल्या शेतातून गेला, की खाल्लेलं कमी आणि मोडलेलं जास्त असतं. त्यातून त्याला लेंड्या टाकायला ठरलेली जागा लागते. तो रोज त्याच ठिकाणी येतो, तिथे ढीग साचतो, आणि बांधापासून त्या ढिगापर्यंत पायवाट पडते.

मंदसौर-नीमचकडे गेलं तर हेच प्रकरण अधिक नाजूक होतं. तिथे अफूचं पीक सरकारी परवान्यावर घेतात. एकेकाच्या वाट्याला दहा आर किंवा त्याहूनही कमी जमीन, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. ठरलेलं किमान उत्पादन नार्कोटिक्स खात्याच्या काट्यावर उतरलं नाही, तर पुढल्या वर्षीचा पट्टा धोक्यात. पोपटांसाठी वरून जाळी आणि रोजड्यांसाठी बाजूने कुंपण घालून हे दहा गुंठे पोरासारखे सांभाळतात. इथे रोजडा नुसतं पीक खात नाही, परवाना खातो.

मग मारत का नाहीत? या प्रश्नाचं पहिलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: नावात गाय आहे. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेलं नाव तर आणखी मजेदार. पीटर सायमन पलास याने 1766 मध्ये केलेल्या वर्णनातून आलेल्या ‘बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस’ या नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चौघे एकत्र बांधलेले आहेत. बघणाऱ्याला नेमकं काय दिसलं ते ठरवता आलं नसावं. हल्ली ‘ती गाय नाहीच, हरीण आहे’ असं ठासून सांगायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक चौसिंगा, आणि ही दोन्ही जनावरं गाय-म्हशींच्याच उपकुळात येतात. काळविटापेक्षा रोजडा गायीला जवळचा. भाविक माणूस जीवशास्त्रात फारसा चुकलेला नाही. गंमत इतकीच, की माळव्याच्या स्वतःच्या बोलीत ‘रोजडा’ म्हणताना गाय कुठेच येत नाही, तरी बंदूक उचलायची वेळ आली की ती हटकून आठवते.

दुसरं उत्तर इतिहासात आहे. इंदूरच्या वेशीवरच्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगृह आजही उभं आहे. 1989 मध्ये त्या टेकडीचं अभयारण्य झालं. संस्थानी काळात शिकार हा राजाचा हक्क होता, रयतेने राखण करायची. रयतेच्या हाती गोफण, माळा आणि रात्रभर ओरडायला घसा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राजाचा हक्क गेला, पण तो रयतेला मिळाला नाही, सरकारजमा झाला.

याच सुमारास शेतंही बदलत होती. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात इतकी चिकट होते, की पूर्वी बरेचसे शेतकरी खरिपात ती पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोयाबीन आलं आणि पडीक खरीप संपला. देशाचं सोयाबीन संशोधन केंद्र 1987 मध्ये इंदूरलाच निघालं, इतकं हे पीक इथलं झालं. मग नलिका विहिरी आल्या, शेततळी आली. जून ते मार्च शिवारात सतत काहीतरी हिरवं, प्यायला पाणी, आणि वाघ-लांडगे जवळपास संपलेले. रोजड्याने जंगल सोडून शेतात यावं असं आमंत्रण याहून वेगळं काय असतं?

कायदा वाचला तर वाट बंद दिसत नाही. कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. रोजडा पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होता, 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसरीत आहे. दोन्हीकडे ही सोय लागू. मध्य प्रदेशात तर हा अधिकार उपविभागीय महसूल अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे एसडीएमपर्यंत, खाली आणला गेला. महाराष्ट्रानेही 2015 मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी तो वनक्षेत्रपालांच्या हाती दिला. मेलेलं जनावर मात्र सरकारची मालमत्ता. मांस खायचं नाही, विकायचं नाही, कातडं ठेवायचं नाही.

परवाना मिळाला तरी बार टाकायचा कोणी? शेतकऱ्याकडे बंदूक असलीच तर जुनी बारा बोअरची, तीही निवडणूक लागली की ठाण्यात जमा. तिच्या छऱ्याने दोनशे किलोंचा रोजडा मरत नाही, जखमी होऊन दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडतो. रायफल हवी, पण रायफलची गोळी शेताची हद्द ओळखत नाही. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे मध्य प्रदेशात सरासरी धारणक्षेत्र 1.57 हेक्टर. चौकोनी धरलं तर सव्वाशे मीटर बाजू. रायफलची गोळी ते अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत ओलांडते. पुढे शेजाऱ्याचा पंप, त्याच्या पलीकडे मजुरांच्या झोपड्या, मग रस्ता. सपाट माळव्यात गोळी अडवायला टेकाडही नाही. श्रद्धेचं कारण सांगायला बरं असलं, तरी खरं कारण या सव्वाशे मीटरमध्ये आहे.

ज्या राज्याने खरोखर बंदुका बोलावल्या, तिथे काय झालं ते 2016 च्या जूनमध्ये देशाने पाहिलं. केंद्राने बिहारपुरती नीलगाय आणि रानडुक्कर ‘उपद्रवी’ जाहीर केली होती. मोकामाच्या ताल भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावरून केंद्राचे दोन मंत्री जाहीरपणे भिडले. ही मारण्याची हाव आहे, असं मेनका गांधी म्हणाल्या. राज्याने मागितलं म्हणून परवानगी दिली, असं पर्यावरणमंत्री, म्हणजे आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली नाही. मोकामाचा ताल म्हणजे गंगेकाठचा पावसाळ्यात बुडणारा अफाट सखल मैदानी पट्टा. मैलभर वस्ती नसलेली अशी जागा सांवेर-देपालपुरात शोधून सापडणार नाही.

परवान्याची वाट न पाहणारेही असतातच. विदर्भात डुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेला 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ चिकटला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा तो बछडा. झटका मशीनची तार जनावराला हटवते, मेन लाइनवरून आकडा टाकलेली तार जो येईल त्याला मारते, मग तो रोही असो, वाघ असो की पहाटे शेताकडे निघालेला माणूस. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सतत सांगत, की स्वीडन-नॉर्वेत दरवर्षी ठरावीक शिकार होते आणि जंगलं ओस पडत नाहीत. स्थानिकांनाच हा हक्क द्या. त्यांच्याशी कोणी सहमत असो वा नसो, चोरट्या तारेपेक्षा उघड परवाना बरा, एवढं तरी कबूल करावं लागतं.

आता जरा टेक्सासला जाऊ. शंभर वर्षांपूर्वी, 1920 च्या दशकात, तिथल्या किंग रँच नावाच्या शेतमळ्यावर हौसेने नीलगाई आणून सोडल्या. मळा म्हणायचं, पण विस्तार सव्वाआठ लाख एकर. अख्खा इंदूर जिल्हा साडेनऊ लाख एकरांच्या थोडा पुढे जातो, यावरून अंदाज यावा. आज दक्षिण टेक्सासात तीस हजारांहून अधिक नीलगाई मोकाट आहेत. त्या परदेशी असल्याने राज्याच्या शिकार-हंगामाचं बंधन त्यांना नाही. मळामालक नरामागे हजारो डॉलर घेऊन शिकाऱ्याला जीपमधून फिरवतो. मांस हॉटेलात जातं, आणि तिथे त्याचं नाव ‘साउथ टेक्सास अँटिलोप’ असतं. गाय त्यांनीही नावातून काढून टाकली, कारण तेवढं वेगळं. गुरांचा ताप पसरवणाऱ्या गोचिडी नीलगाई वाहून नेतात, म्हणून तिथलं पशुवैद्यकीय खातं वैतागलेलं आहे. रानडुकरांसाठी तर 2011 पासून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायचीही मुभा आहे. त्यासाठी चार आसनी रॉबिन्सन आर-44 ही वापरतात.

तेच रॉबिन्सन 44 हेलिकॉप्टर 2025 च्या ऑक्टोबरात इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या शाजापूर जिल्ह्यात उतरलं. बंदुका मात्र नव्हत्या. सोयाबीन निघालेलं, गहू पेरायचा बाकी, शेतं उघडी. दक्षिण आफ्रिकेतल्या तज्ज्ञांनी आणि वन खात्याने शिवारात ‘बोमा’ उभा केला. बोमा म्हणजे कापडी भिंतींचं भलंमोठं नरसाळं. तोंड रुंद, शेपटीला ट्रक. हेलिकॉप्टर कळपाच्या मागे खाली येतं, घाई न करता त्याला तोंडाकडे वळवतं. कळप आत शिरला की दोन्ही बाजूंना लपलेली माणसं पडदे ओढत धावतात. जनावराला कापडाच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून ते भिंत समजून पुढेच जातं. शेवटी उतारावरून ट्रकमध्ये. भारतात असा प्रयोग पहिल्यांदाच झाला. या मोहिमेत 846 काळवीट आणि 67 नीलगाई पकडून हलवल्या. काळवीट पहिल्या अनुसूचीतला. पिकासाठी त्याला मारण्याची परवानगी कोणालाच देता येत नाही, त्यामुळे त्याला पकडून हलवणं हाच मार्ग उरतो. नीलगाईंचा आकडा मात्र बारकाईने पाहावा. सदुसष्ट म्हणजे पाच-सहा कळप. तेवढे तर एखाद-दोन गावांच्या शिवारात असतात.

पकडलेली जनावरं कुनो, नौरादेही आणि गांधीसागरच्या जंगलांत सोडली. कुनोत 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाचे चित्ते आले आणि गांधीसागरात 2025 च्या एप्रिलमध्ये दोन चित्ते सोडले गेले. चित्त्यांना खायला हरणं हवीत, हा हिशेब उघड आहे. काळवीट तर त्यांचं नेमकं भक्ष्य, आणि नीलगाईचं पिल्लूही त्यांच्या आवाक्यातलं. माळव्याने जे बंदुकीने केलं नाही, ते आता दोन-तीनशे किलोमीटरवर चित्ता करील, आणि त्याला एसडीएमचा परवाना लागणार नाही.

शाजापूरचं हेलिकॉप्टर नोव्हेंबरात परत गेलं. त्यानंतर गहू-हरभरा उगवून वर आला, आणि बांधांवर पुन्हा साड्या चढल्या.