गाणं तुमचं, पण मालक कोण? गायकांकडून शिकण्यासारखा धंदा



परवाच्या व्हिडिओत आपण ‘मालकी’वर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, आमचं छोटं काम, त्यात मालकी कसली आली?" म्हणून आज उदाहरण घेतोय गाणं-बजावणं करणाऱ्यांचं. आपला परभणी जिल्हा तर संत जनाबाईंच्या गंगाखेडचा. भजनी मंडळं, गोंधळी, भीमगीतं गाणारे, बँडवाले, सगळे आपल्याकडे आहेत. कला भरपूर आहे, पण पैसा टिकत नाही. का? बघू या.

सुपारी संपली, कमाई संपली

समजा, मानवतचा एक तरुण गायक आहे. लग्नसराईत आणि १४ एप्रिलच्या आसपास त्याला रोज सुपारी असते. एका कार्यक्रमाचे त्याला १५ हजार मिळतात. वादक, गाडी आणि साउंडवाला वजा केला की हातात ४ हजार उरतात. पावसाळा लागला की घरी बसावं लागतं. घसा बसला तर कमाई शून्य.

अशात एक कंपनी येते आणि म्हणते, "तुझं गाणं आम्हाला दे, २० हजार रोख घे." घरात गरज असते. तो कागद न वाचता सही करतो. पुढे ते गाणं गावोगावी डीजेवर वाजतं, रील्सवर फिरतं. पैसा मात्र दुसऱ्याच्या खात्यात जातो. आपलंच गाणं आपल्या चॅनेलवर टाकलं तर त्यालाच कॉपीराइटचा दावा येतो!

लक्षात घ्या, त्याने मेहनत विकली नाही, तर झाडच विकलं. आंबे विकायचे असतात, झाड नाही.

गुलाबी साडीची गोष्ट

आता दुसरी बाजू बघा. जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड. २०२४ मध्ये त्याचं ‘गुलाबी साडी’ आलं. लिहिलं त्याने, गायलं त्याने, आणि संगीत त्याचा भाऊ गौरव म्हणजेच जी-स्पार्क याचं. व्हिडिओ आला तो संजूच्या स्वतःच्या नावाच्या यूट्यूब चॅनेलवर. जगभर पोहोचवायला ‘बिलीव्ह’ ही वितरण कंपनी सोबत होती. गाणं महाराष्ट्राबाहेर गेलं, माधुरी दीक्षितने त्यावर रील केलं, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर ते झळकलं.

यातून धंद्याचे तीन धडे घ्या.

१. महत्त्वाचं काम घरात ठेवलं. शब्द, आवाज, संगीत, तिन्ही दोघा भावांकडे.

२. ग्राहक स्वतःच्या दुकानात आणला. गाणं आवडलेला माणूस त्याच्याच चॅनेलवर आला. २०२५ मध्ये ‘शेकी’ आलं तेव्हा ऐकणारे आधीच जमलेले होते.

३. मार्केटिंग मालातच होतं. गुलाबी साडी जवळपास प्रत्येक घरात असते. कुणीही ती नेसून १५ सेकंदांचं रील करू शकतं. म्हणजे ग्राहकच जाहिरात करतो, तीही फुकट.

मोठ्यांनाही मालकीचा हा धडा महागात पडलाय. अमेरिकेची टेलर स्विफ्ट हिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी २०१९ मध्ये दुसऱ्याकडे गेली. २०२१ पासून तिने त्यातले अल्बम नव्याने गाऊन काढायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डिंग विकत परत घेतली. सगळ्यांना हे परवडत नाही. म्हणून सही करतानाच डोळे उघडे ठेवा.

कायदा तुमच्या बाजूने आहे

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग. जनाबाईंच्या अभंगांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, ते कुणीही गाऊ शकतो. पण तुम्ही स्वतःच्या खर्चाने केलेलं रेकॉर्डिंग तुमचं. नवी चाल लावली असेल तर तीही तुमची.

- हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. हा वाटा गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे. तिचं सभासद व्हा.
- कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० आणि रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये आहे.
- यूट्यूबच्या जाहिरातीतून वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. अवघड आहे, पण एकदा झालं की पावसाळ्यातही थोडंफार येत राहतं.

एक खरं सांगतो. प्रत्येक गाणं ‘गुलाबी साडी’ होत नाही, बहुतेक होत नाहीत. म्हणून सुपारी सोडू नका. सुपारीवर घर चालवा आणि त्यातलाच थोडा पैसा बाजूला काढून दर दोन महिन्यांनी एक स्वतःचं रेकॉर्डिंग करा.

"सर, मी तर मसाला विकते!"

ताई, तुमच्यासाठीच सांगतोय. तुमचं ‘गाणं’ म्हणजे तुमचं नाव, तुमची रेसिपी आणि ग्राहकांच्या नंबरांची वही. सेलूच्या बचत गटाने मिरची कुटायची आणि पाकिटावर नाव व्यापाऱ्याचं लावायचं, तर तोही सुपारीचाच धंदा झाला. उद्या व्यापाऱ्याने दुसरा गट धरला की तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. थोडा का होईना, माल स्वतःच्या नावाने विका. नावाचा ट्रेडमार्क ऑनलाइन करायला एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फी आहे.

आणि ‘गुलाबी साडी’चा प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या मालात असं काय आहे, जे ग्राहक स्वतःहून चार जणांना दाखवेल?

आजचा गृहपाठ

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ‘मी काम केलं तरच पैसा’, उजवीकडे ‘मी झोपलो तरी माझं’. आपलं उत्पन्न त्यात भरा. उजवा रकाना रिकामा असेल तर घाबरू नका. या महिन्यात त्यात फक्त एक ओळ लिहायची, मग ते एक रेकॉर्डिंग असेल, एक नोंदणी असेल किंवा ५० ग्राहकांचे नंबर.

आणि कुणी कागद पुढे केला, तर "उद्या वाचून सांगतो" म्हणायला लाजू नका. एका रात्रीने काही बिघडत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!