एका जोडीचं इंजिन

"चेन्नईत आहातच, तर त्या म्हाताऱ्या इंजिनावर काहीतरी लिहा," असं संपादक फोनवर म्हणाले, म्हणून 15 ऑगस्ट 2019 रोजी मी नुंगंबाक्कमच्या फलाटावर उभा होतो. गाडी एग्मोर ते कोडंबाक्कम एवढीच जाणार. मधे चेतपेट आणि नुंगंबाक्कम ही दोनच स्थानकं. विजेच्या तारांखालून धूर सोडत इंजिन आलं आणि नजर आधी चाकांवर गेली. मधली जोडी जवळजवळ पुरुषभर उंच, पुढची आणि मागची मात्र बुटकी.

हे ईआयआर 21, नाव 'एक्स्प्रेस'. 1855 साली लीड्सच्या किटसन, थॉम्प्सन आणि ह्युइटसन यांच्या कारखान्यात घडलं, ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बंगालात आलं, 1909 मध्ये निवृत्त झालं. पुढची शंभर वर्षं जमालपूरचा कारखाना आणि हावडा स्थानक इथं ते शोभेला उभं होतं. शोभेला उभं राहिलेल्या यंत्राचे भाग हळूहळू नाहीसे होतात. चेन्नईच्या पेरांबूर लोको वर्क्समध्ये आलं तेव्हा ते गंजलेलं होतं आणि कितीतरी भाग जागेवर नव्हते. 2010 मध्ये तिथल्या कामगारांनी ते चालतं केलं; त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला ते सेंट्रलहून आवडीपर्यंत धावलं. नुंगंबाक्कमच्या लोकलच्या रुळांवर मात्र त्याला पूर्वी येताच आलं नसतं. इथली लोकल 1931 पासून विजेवर धावायची, पण मीटरगेजवर. ती मीटरगेज लोकल 2004 मध्ये बंद झाली. आणि हे इंजिन साडेपाच फुटी रुळांचं, म्हणजे ब्रॉडगेजचं.

मला मोह पडला तो त्या मधल्या जोडीचा. वाफेचा सगळा जोर त्या एकाच आसावर येतो. इंजिनाचं जेवढं वजन त्या दोन चाकांवर पडतं, तेवढीच त्यांची रुळावर पकड. रूळ ओले असले किंवा ड्रायव्हरनं वाफ जरा घाईनं सोडली, की चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. अशा इंजिनाला दटावून चालत नाही, चुचकारावं लागतं.

त्याची दुसरी खोड पाण्याची. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचा शोध 1858 चा, म्हणजे हे इंजिन घडल्यानंतरचा. त्याआधीची इंजिनं पाणी घेत ती चाकांच्या गतीवर चालणाऱ्या पंपानं. गाडी उभी, तर पंपही उभा. मग निव्वळ तहान भागवायला यार्डात इंजिन मागेपुढे फिरवायचं!

असं यंत्र पुन्हा उभं करताना सगळ्यात मोठी भीती बॉयलरची. गंजानं पत्रा आतून किती खाल्लाय, ते वरच्या रंगावरून कळत नाही. म्हणून वाफ धरण्याआधी बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन तपासतात. पाणी फारसं दबत नाही. पत्रा फाटलाच तर धार उडते, स्फोट होत नाही. हरवलेले भाग दुकानात मिळत नाहीत. लाकडी साचा करायचा, धातू ओतायचा, लेथवर उतरवायचा, बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि एवढं करूनही घोर संपत नाही. याचीच बहीण 'फेअरी क्वीन' 1997 मध्ये पुन्हा धावू लागली, गिनीज बुकातही गेली. 2011 मध्ये दिल्लीच्या शेडमधून तिचे भाग चोरीला गेले. दुरुस्तीला तीही पेरांबूरलाच आली. दुसरीकडे जाणार तरी कुठे? ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 1995 मध्ये थांबली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन 2019 मध्ये पन्नाशीला टेकला होता. कोळसा कुठे आणि किती पसरायचा, वाफेचा आवाज कसा बदलतो, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. वर्षाकाठी दोनचार फेऱ्यांत नवा माणूस कितीसा तयार होणार?

आपल्याकडे गावोगावचे जुने रोड रोलर आणि ऑइल इंजिनं भंगारात किलोच्या भावानं जातात. एखादं वाचवावंसं वाटलं, तर सौदा करण्याआधी ते चालवलेला माणूस शोधा. लोखंड आणखी दहा वर्षं थांबेल. तो थांबेलच असं नाही. आणि लोखंडही कायमचं थांबत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं 'एक्स्प्रेस'च्याच पिढीची. त्यांतलं एकही आज पाहायला मिळत नाही.