घरातला समुद्र : आधी पाणी, मग मासा

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय : "कोणते मासे आणायचे?" त्याचं उत्तर आम्ही अगदी शेवटी देणार आहोत, आणि तेही मुद्दाम. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी घरात उभी करताना बहुतेकांची जी चूक होते ती हीच, की सुरुवात माशापासून होते. आमचीही झाली होती. पहिली टाकी भरली, पाणी अगदी नितळ दिसत होतं. दुकानदार म्हणाले, तीन दिवसांनी मासे सोडायला हरकत नाही. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवशी सहा मासे सोडले. नवव्या दिवशी एकही उरला नाही. गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, पाणी तेव्हाही तितकंच नितळ होतं.

ते मासे का मेले, हे नीट कळलं की हा सगळा विषय कळला असं समजा.

मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर सोडतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांना इथे धक्का बसतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा. पीएच ७ असलेल्या पाण्याशी तुलना केली तर हा हिस्सा साधारण दहापट भरतो. म्हणजे गोड्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही.

यावर उपाय एकच, जिवाणू. एका गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक आहे, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू दगडांच्या, वाळूच्या, काचेच्या पृष्ठभागावर वस्ती करतात, आणि ती वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही सहा मासे सोडले तेव्हा टाकीत वस्तीच नव्हती. मोरीशिवाय घर बांधून पाहुण्यांना राहायला बोलवावं, तसं ते होतं.

आता क्रमाने जाऊ. पहिली गोष्ट, जागा आणि वजन.

१२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी टाकी धरा. तिच्यात ४३२ लिटर पाणी मावतं. पाणी, काच, दगड, खालचं कपाट आणि त्यातली दुसरी टाकी मिळून साडेसहाशे-सातशे किलो वजन पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतं. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखतात. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो, म्हणून घाबरून जाऊ नका. पण हॉलच्या मधोमध टाकी ठेवायचा विचार सोडा. जागा भिंतीलगत, तुळईजवळ असावी, आणि आधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "मग छोटी टाकी घेऊन शिकू या ना?" वजनाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण पाण्याच्या दृष्टीने मोठी टाकी दयाळू असते. पाणी जास्त, म्हणून तापमान, खारटपणा, अमोनिया सगळं सावकाश बदलतं. चूक लक्षात यायला आणि सुधारायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट, खालची टाकी. तिला 'संप' म्हणतात. हरताळाशी काही संबंध नाही. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून खाली संपमध्ये येतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. तिथेच स्किमर बसवतात. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण पळीने काढून टाकतो ना? स्किमर तेच करतो. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते आणि कपात जमा होते.

पण वीज गेली की काय होतं? पंप थांबतो आणि वरचं काही पाणी खाली उतरतं. तेवढं पाणी मावायला संपमध्ये जागा नसेल तर ते फरशीवर येतं, आणि तिथून खालच्या शेजाऱ्यांच्या छतात. म्हणून मीठ घालण्याआधी, साध्या पाण्यावर, मुद्दाम बटण बंद करून बघा. एकदा नव्हे, चार वेळा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही तयार ठेवा, कारण वाहतं पाणी थांबलं की प्राणवायू कमी पडू लागतो. आणि खारं पाणी उत्तम वीजवाहक आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय टाकीत हात घालू नका. इथे काटकसर नको.

तिसरी गोष्ट, पाणी. "समुद्र जवळच आहे, कॅन भरून आणतो," असं मुंबईकर हमखास म्हणतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. म्हणून आरओचं शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठ विरघळवायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरला १४ किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्र म्हणजे नुसतं मीठ-पाणी नव्हे. त्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, जवळजवळ १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि शिवाय सल्फेट, पोटॅशियम असं बरंच काही असतं.

रोज थोडं पाणी उडून जातं. तेव्हा भर कशाची घालायची? इथे स्वयंपाकघर आठवा. आमटी आटली की खारट होते, आणि आपण तिच्यात मीठ नाही, पाणी घालतो. टाकीतही तसंच. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, रोज आणि थोडी थोडी.

तापमान २५-२६ अंशांवर स्थिर ठेवायचं. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता चिलरचा खर्च पहिल्याच हिशेबात धरा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर साखर तयार करून प्रवाळाला पोसतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. महासागरात जे घडतंय, ते घरातही घडू शकतं.

चौथी गोष्ट, दगड. १९६१मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एक लेख लिहून दाखवून दिलं, की समुद्रातले सच्छिद्र दगड त्यांच्यावरच्या जिवांसह टाकीत ठेवले तर दगडच पाणी शुद्ध ठेवायला मदत करतात. आजच्या प्रवाळ-टाक्यांमागे ही कल्पना आहे. आपण मात्र समुद्रातून दगड उचलायचे नाहीत. कोरडे, सच्छिद्र, कृत्रिम दगड मिळतात, तेच रचा.

दगड रचले, पाणी फिरू लागलं, की कोलंबीचा एक तुकडा टाकीत टाका. तो कुजतो, अमोनिया होतो, जिवाणूंना खाद्य मिळतं. चाचणीच्या किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की वस्ती बसली. मग दगडांवर तपकिरी थर येतो, हिरवं शेवाळ येतं. घरचे विचारतात, "एवढा खर्च याच्यासाठी केला?" तेव्हा शांत राहायचं.

आता कायदा, कारण हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. किनाऱ्यावर सापडलेला वाळका तुकडाही शोभेसाठी आणू नका. ही प्रवाळं बघायचीच असतील तर मालवणला पाण्यात उतरून बघा. घरच्या टाकीत झोअँथस किंवा मश्रूमसारखे मऊ जीव ठेवता येतात, पण पावती घ्या आणि शंका आली तर वनविभागाला विचारा. झोअँथससारख्या काही जिवांत पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे घाला, आणि त्यांचे दगड कधीही उकळू नका. वाफेतूनही विषबाधा होते.

तर आता तो पहिला प्रश्न. कोणते मासे? मत्स्यशाळेत पैदास झालेली क्लाउनफिशची एक जोडी. बस्स. आधी त्यांना चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे रोग असला तर तिथेच कळेल. मुलं निळी 'डोरी' मागतील. ती फूटभर वाढते, आपली टाकी तिला पुरत नाही, आणि बंदिवासात तिची पैदास २०१६मध्ये पहिल्यांदा जमली. बाजारात येणारी बहुतेक अजूनही समुद्रातूनच पकडलेली असते. काही देशांत मासे पकडायला सायनाइडही वापरलं गेलंय.

आमची दुसरी टाकी नऊ आठवडे माशाविना चालली. येणारे-जाणारे हसायचे, "दगड पाळलेत वाटतं!" आम्ही म्हणायचो, हो, दगडच पाळलेत. आधीचे सहा मासे आमच्या घाईने मेले होते, आणि त्यांना काही आपल्या घरी यायचं नव्हतं, आपणच त्यांना आणलं होतं. तेव्हा टाकी घ्या, जरूर घ्या. पण नऊ आठवडे नुसतं पाणी बघत बसायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा. नसेल, तर पैसे वाचवा आणि मालवणचं तिकीट काढा.

प्रश्न असतील तर विचारा.