दुसरा मॉनिटर आणि असेंब्लीचे काम : गैरसमज व वस्तुस्थिती

संगणकावर यंत्ररचनेचे काम चालते अशा कार्यालयांत, मग ती पुण्याच्या आसमंतातील वाहन-उद्योगाची असोत की अन्यत्रची, दुसऱ्या मॉनिटरची मागणी पुढे आली म्हणजे ती करणारा आणि ती मंजूर करणारा हे दोघेही बहुधा चुकीच्या समजुतींचा आधार घेतात. कारण मंजुरी देणाऱ्यास तो अनावश्यक खर्च वाटतो, तर मागणी करणाऱ्यास अशी आशा असते की, पडदा वाढला म्हणजे हजारो भागांची जड असेंब्ली आपोआप हलकी होईल.

खर्चाची हरकत घेणाऱ्यांनी इतिहास थोडा पाहावा. दोन पडद्यांवर आरेखन करण्याची वहिवाट नवी नाही. 1980 च्या दशकात इंटरग्राफ ह्या अमेरिकन कंपनीने आरेखनासाठी जी वर्कस्टेशने बाजारात आणली, त्यांपैकी अनेकांवर दोन पडदे शेजारी शेजारी जोडलेलेच येत. आणि 1982 साली अवतरलेले ऑटोकॅड ज्या काळी डॉसवर चालत असे त्या काळी एकरंगी मॉनिटरवर हुकमांचा मजकूर व रंगीत मॉनिटरवर आकृती अशी विभागणी करण्याची तजवीज होती. साध्या संगणकावर अनेक मॉनिटर लावण्याची सोय विंडोजमध्ये 1998 साली, म्हणजे विंडोज 98 बरोबर आली. आरेखनकाराची ही गरज त्याआधीच ओळखली गेली होती.

दुसरी समजूत अशी की, दुसरा मॉनिटर जोडल्यामुळे असेंब्ली मंद होते. ह्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. 1920 × 1080 च्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूस 4 बाइट धरले तरी एका पूर्ण चित्रास सुमारे 8 मेगाबाइट जागा पुरते. ज्या ग्राफिक्स कार्डावर कित्येक गिगाबाइटची स्मृती आहे, त्यास हा भार नगण्य होय. असेंब्ली फिरवताना जो अडखळा येतो त्याचे मूळ निराळ्याच ठिकाणी असते. प्रत्येक भागाचा पृष्ठभाग असंख्य लहान त्रिकोणांत विभागून दाखवला जातो, आणि एखाद्याने शेकडो बोल्टांचे आटे सर्पिलासह खरेखुरे काढून ठेवले असतील तर त्या त्रिकोणांची संख्या अकारण फुगते. शिवाय बदल केल्यानंतरच्या पुनर्गणनेत एका फीचरचे उत्तर पुढच्या फीचरला लागत असल्यामुळे ती बव्हंशी एकामागून एक सोडवावी लागतात, आणि प्रोसेसरचे बाकीचे कोअर असून नसल्यासारखे होतात. ह्या दोन्ही बाबींवर पडद्यांच्या संख्येचा परिणाम होत नाही, आणि म्हणूनच दुसरा मॉनिटर असेंब्लीला वेगही देऊ शकत नाही. वेग हवा असेल त्याने आटे काढून टाकावेत, न लागणारे भाग सप्रेस करावेत, आणि उरलेले लाइटवेट अवस्थेत उघडावेत. अपवाद एवढाच की, एक केबल ग्राफिक्स कार्डात आणि दुसरी मदरबोर्डाच्या सॉकेटात खोचली असेल तर दोन पडदे दोन वेगळ्या चिप्सच्या ताब्यात जातात, आणि खिडकी इकडून तिकडे नेताच चित्र अडखळण्याचा संभव असतो. दोन्ही केबली कार्डातच लावल्या म्हणजे ही तक्रार उद्भवत नाही.

मग दुसऱ्या मॉनिटरचा उपयोग कोणता? यंत्राला नव्हे, तर यंत्ररचनाकाराच्या स्मरणाला तो साह्य करतो, असे माझे निश्चित मत आहे. आणि त्याची सत्यता एका बेअरिंगच्या उदाहरणावरून पटेल. गिअरबॉक्समध्ये 6205 क्रमांकाचे बेअरिंग बसवायचे आहे असे समजा : आतील व्यास 25, बाहेरील 52 आणि रुंदी 15 मिलिमीटर. मॉडेलमध्ये शाफ्ट नेमका 25 चा आणि हाउसिंगचे भोक नेमके 52 चे काढलेले असते. मेट लागतात, इंटरफिअरन्सची तपासणी निर्विघ्न पार पडते, आणि नवख्या माणसाचे समाधान होते. परंतु शाफ्टच्या ड्रॉइंगवर 25 के6 असे लिहिले असेल, तर कारखान्यातून येणारा शाफ्ट 25.002 ते 25.015 च्या दरम्यान असणार, म्हणजे बेअरिंग त्यावर दाबूनच चढवावे लागणार. आणि हाउसिंगवर 52 एच7 असेल, तर भोक 52.000 ते 52.030 असणार, म्हणजे बाहेरची रिंग तेथे सरकत बसणार. टॉलरन्सची नोंद मॉडेललाही जोडता येते हे खरे, तथापि भूमिती मूळ मापानेच काढलेली असल्यामुळे हा घट्टपणा आकृतीत डोळ्यांना दिसत नाही. तो ड्रॉइंगवर वाचावा लागतो. आणि ड्रॉइंग शेजारच्या पडद्यावर उघडे असेल, तर असेंब्लीतील त्याच शाफ्टकडे पाहत असताना पुढचा प्रश्न सहज सुचतो की, दाबून बसवलेले हे बेअरिंग उद्या दुरुस्तीच्या वेळी काढायचे झाल्यास पुलरचे पाय आतल्या रिंगेमागे शिरतील इतका शाफ्टचा खांदा ठेंगणा ठेवला आहे काय. एकाच पडद्यावर खिडक्या उलटसुलट करणाऱ्यास तो सुचणार नाही असे नव्हे, पण मापे डोक्यात धरून ठेवण्यातच त्याचे पुष्कळसे अवधान खर्ची पडते.

ह्यावरून आणखी एक प्रघात किती गैरसोयीचा आहे तेही ध्यानात येईल. पुष्कळजण असेंब्लीची एकच खिडकी दोन्ही पडद्यांवर ताणून बसतात. सॉफ्टवेअर संपूर्ण आकृती खिडकीत बसवते तेव्हा तिचा मध्य खिडकीच्या मध्यावर येतो, आणि तेथे नेमकी दोन मॉनिटरांची जोडकड असते; परिणामी जो भाग पाहायचा तोच दुभंगतो. असेंब्ली एका पडद्यावर अखंड ठेवावी, आणि दुसऱ्यावर ड्रॉइंग, भागांची यादी, बेअरिंगचे कॅटलॉग, असे वाचण्याचे साहित्य मांडावे. ऑटोकॅडमध्ये 2022 च्या आवृत्तीपासून ड्रॉइंगची खिडकी मुख्य चौकटीबाहेर काढून दुसऱ्या पडद्यावर नेता येते.

दोन्ही मॉनिटर जुळेच असले पाहिजेत, हा आग्रह मात्र सोडून द्यावा. वाचण्याचा मॉनिटर जुना आणि लहान असला तरी चालतो, किंबहुना तो उभा फिरवला तर ए4 आकाराचे पान त्यावर संपूर्ण मावते. फक्त दोहोंच्या बिंदूंच्या दाटीत फार तफावत असेल तर काही जुन्या सॉफ्टवेअरांची अक्षरे एका पडद्यावर पुसट दिसतात. मांडणीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. ज्यावर दिवसाचा बहुतेक काळ नजर खिळलेली असते तो मॉनिटर छातीसमोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली अशा बेताने असावा, आणि दुसरा त्याला लागून थोडा आत वळवलेला असावा. दोन्ही मॉनिटर सममितीने मांडून जोडकडेसमोर बसणाऱ्याची मान दिवसभर एका बाजूस वळलेली राहते.