यंत्राचा मजकूर, व्यापाऱ्याची सही

सावंतवाडीच्या बाजारपेठेत दुकानाची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाच्या तोंडूनच पसरत आली. चितार आळीतील लाकडी खेळणी, काजूगर, आमसुले यांच्यासाठी वर्तमानपत्राचे दार ठोठावण्याची वेळ क्वचितच येई. आता गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात आणि परदेशांतही आहे. नवी शाखा उघडली वा नवे उत्पादन आले, की प्रसिद्धिपत्रक धाडावे लागते. ते लिहिण्यासाठी घरातील तरुण मंडळी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू लागली आहेत.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि जे लिहिण्यात अख्खी दुपार जाई, ते काही क्षणांत हाती येऊ लागले. मराठीतील टिपण इंग्रजीत करणे, लांबलेला मजकूर आटोपशीर करणे, ठळक मथळा सुचवणे ही कामे हे यंत्र नेटकेपणाने करते. लेखनासाठी वेगळा माणूस ठेवणे न परवडणाऱ्या लहान पेढीला हा मोठाच आधार आहे.

मात्र हे यंत्र शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत लिहिते. पेढीचे दप्तर त्याने पाहिलेले नसते. समजा, एखाद्या काजू व्यापाऱ्याने ‘आमच्या काजूगराविषयी पत्रक लिही’ एवढेच सांगितले. यंत्र सहज लिहून जाईल, ‘भौगोलिक मानांकनप्राप्त वेंगुर्ला काजू.’ वाक्य कानाला गोड लागते. वेंगुर्ला काजूला मानांकन आहे, हेही खरे. परंतु ते नाव वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच असतो. भौगोलिक मानांकनाचा खोटा वापर हा १९९९ च्या कायद्यानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘यंत्राने लिहिले’ ही सबब टिकत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. मजकुराखाली ज्याची सही, उत्तर त्यालाच द्यावे लागते.

म्हणून रोजकीर्दीवरून खतावणी तपासावी, तसे पत्रक तपासावे. आधी स्थापनेचे वर्ष, परवाने, मालाचे वजन, भाव, समारंभाची तारीख ही माहिती स्वतः लिहून काढावी आणि ‘याबाहेरचे काही घालू नकोस’ असे यंत्राला बजावावे. मसुदा आल्यावर प्रत्येक आकड्यापुढे त्याचा कागद ठेवावा. कागद नसेल तर आकडा काढून टाकावा. मालकाच्या तोंडी घातलेले उद्गार त्याने खरोखर काढले आहेत का, हे त्यालाच विचारावे. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’ यांसारखी विशेषणे गाळावीत. बातमीदारही ती गाळतोच. अप्रसिद्ध उलाढाल आणि गिऱ्हाइकांची नावे यंत्राच्या हवाली करू नयेत. शेवटी पेढीतील एका जबाबदार व्यक्तीने पूर्ण वाचून सही करावी.

या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वे कंपनीचे प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडवण्याऐवजी ती स्वतःहून वृत्तपत्रांना पुरवली. ते निवेदन पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते. सावंतवाडी ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. आरशात असेल तेच दिसावे, ही अपेक्षा त्या नावातच आहे.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, याची गणना आहे. लेखणी बोरूची असो वा संगणकाची, हा नियम बदलत नाही. हुंडीवरील सहीच्या भरवशावर दूरच्या गावी पैसे मिळत, त्या परंपरेतील घराण्यांनी पत्रकावरील सहीही तितक्याच जपून करावी.