रणजीची अंतिम लढत आणि दादर

रणजी करंडकाचा अंतिम सामना हा भारताच्या देशांतर्गत क्रिकेटमधला सर्वांत मानाचा सामना. स्पर्धा १९३४-३५च्या हंगामात सुरू झाली. पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या स्मरणार्थ करंडक दिला आणि तेच नाव स्पर्धेला कायमचे चिकटले. पहिला अंतिम सामना मुंबईतच, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. विजय मर्चंट यांच्या शतकाच्या बळावर मुंबईने नॉर्दर्न इंडियाला २०८ धावांनी हरवले. मार्च २०२४मध्ये मुंबईने हा करंडक ४२व्यांदा जिंकला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या कर्नाटकाकडे ८ विजेतेपदे होती. तोवर मुंबई ४८ अंतिम सामने खेळली होती आणि त्यांतले फक्त ६ हरली होती.

या सामन्याचा एक नियम समजल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही. पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. त्यामुळे पहिल्या डावातली एकेक धाव सोन्याच्या मोलाची असते. आधी मोठी धावसंख्या उभारायची, आघाडी पदरात पाडून घ्यायची आणि मग प्रतिस्पर्ध्याला घाईला लावायचे, हे डावपेच या नियमातून आले. विकेट सहजासहजी फेकायची नाही, हा मुंबईच्या फलंदाजीचा खडूसपणाही याच हिशेबात मुरलेला आहे.

त्या खडूसपणाची शाळा मुख्यतः दादर-माटुंगा पट्ट्यात भरत असे. मुंबई महापालिकेने १९२५मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या मैदानाला पुढे शिवाजी पार्क हे नाव मिळाले. तिथल्या शिवाजी पार्क जिमखान्यातून अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील असे खेळाडू आले. दुसरीकडे माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा दादर युनियन हा कडक शिस्तीचा क्लब. हिंदू कॉलनीत राहणारे माधव मंत्री तिथले ज्येष्ठ. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला. त्यांचे भाचे सुनील गावसकर आणि पुढच्या पिढीतले दिलीप वेंगसरकर हेही दादर युनियनचेच. एवढ्याशा भागातल्या या दोन क्लबांनी मुंबईला किती खेळाडू पुरवले, हे पाहिले की बाकीच्या संघांची दमछाक का होत असे ते लक्षात येते.

अंतिम सामन्याचे सुरुवातीचे विक्रम धावांचे आहेत. १९४४-४५मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर संघांनी मिळून २,०७८ धावा काढल्या. मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ धावा केल्या, तर महायुद्धामुळे भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरकडून नाबाद २४९ करून गेला. तरीही सी. के. नायडूंचा होळकर संघ ३७४ धावांनी हरला. त्यानंतर दोनच वर्षांनी बडोद्यात याच होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांनी ३१९ आणि सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी २८८ धावा करताना चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही विकेटसाठीची ती सर्वांत मोठी भागीदारी होती. श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ती २००६मध्ये मागे टाकली. महाराष्ट्राचा संघही या इतिहासात मागे नाही. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली. दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी देवधर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

मग सुरू झाले मुंबईचे साम्राज्य. १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत सलग १५ वेळा करंडक मुंबईकडेच राहिला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने शेफिल्ड शील्ड सलग ९ वेळा जिंकली, इंग्लंडमध्ये सरेने कौंटी अजिंक्यपद सलग ७ वेळा. त्यांच्या शेजारी १५ हा आकडा ठेवला की या पराक्रमाचा आवाका कळतो. या काळात सर्वाधिक पोळला तो राजस्थानचा संघ. अंतिम सामन्यात तो मुंबईकडून ७ वेळा हरला आणि पहिल्या विजेतेपदासाठी त्याला २०१०-११पर्यंत वाट पाहावी लागली. १९७०-७१मध्ये वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सारे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. पंधरापैकी सर्वांत कौतुकाचे विजेतेपद हेच म्हणावे लागेल, कारण ते तारांकित खेळाडूंनी नव्हे, तर क्लब क्रिकेटच्या खोलीने मिळवून दिले.

पंधरावा विजय चेपॉकवरचा. १९७३च्या त्या सामन्यात तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन पट्टीचे फिरकी गोलंदाज होते आणि खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. याच सामन्यात तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी रणजीच्या अंतिम सामन्यातली पहिली हॅटट्रिक घेतली. पण यजमानांनी आखलेला डाव त्यांच्यावरच उलटला. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात अवघ्या १६ धावांत ८ बळी घेतले आणि तमिळनाडू ८० धावांत गारद झाले. मुंबईलाही दुसऱ्या डावात ११३ धावाच करता आल्या, पण त्या पुरून उरल्या. शिवलकरांनी आणखी ५ बळी १८ धावांत टिपले, तमिळनाडूचा दुसरा डाव ६१वर संपला आणि पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर निकाली निघाला. सामन्यात ३४ धावांत १३ बळी! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेणाऱ्या शिवलकरांना भारताची कसोटी टोपी मात्र कधीच मिळाली नाही, कारण त्यांचा सगळा काळ बिशनसिंग बेदी यांच्या काळाशी जुळलेला होता. दादरच्या या गोलंदाजाची थोरवी पाहायची, तर रणजीच्या धावफलकांतच पाहावी लागते.

पुढच्याच हंगामात कर्नाटकाने मुंबईला उपांत्य फेरीत रोखले आणि मालिका तुटली.

मुंबईकरांच्या मनात सर्वांत खोल रुतलेला अंतिम सामना मात्र हरलेला आहे. मे १९९१मध्ये वानखेडे स्टेडियमवर कपिल देवच्या हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. सलामीचा दीपक शर्मा १९९वर बाद झाला. मुंबईचा डाव ४१०वर संपला, म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक हरियाणाचाच होता. शेवटच्या दिवशी ३५५ धावांचे लक्ष्य गाठण्याखेरीज मुंबईपुढे मार्ग नव्हता आणि ३४ धावांतच तिघे बाद झाले. तिथून १८ वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावांचा तडाखा दिला आणि वेंगसरकर एक बाजू लावून बसले. नववी विकेट ३०५वर पडली. अकराव्या क्रमांकावर आलेला अ‍ॅबी कुरुविला फक्त उभा राहिला आणि वेंगसरकरांनी धावा ओढत नेल्या. पायात गोळे आल्याने त्यांच्यासाठी लालचंद राजपूत रनर म्हणून धावत होता. आणखी ४७ धावा निघाल्या आणि विजयाला तीन धावा हव्या असताना कुरुविला धावचीत झाला. वेंगसरकर १३९वर नाबाद राहिले आणि मैदानातच त्यांना रडू कोसळले. हरियाणाचे हे पहिले विजेतेपद अवघ्या दोन धावांनी आले. त्याची थोडी भरपाई २००९-१०मध्ये म्हैसूरला झाली. तिथे कर्नाटकाला सहा धावांनी हरवून मुंबईने करंडक उचलला.

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले चंद्रकांत पंडित हे या सामन्याच्या इतिहासातले वेगळेच प्रकरण आहे. मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते १९९८-९९चा अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर हरले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा आणि विदर्भाला सलग दोनदा विजेतेपद मिळवून दिले. त्यांतल्या विदर्भाच्या पहिल्या विजयात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. अंतिम सामन्यातली ती दुसरी, कल्याणसुंदरम यांच्यानंतर तब्बल ४५ हंगामांनी आलेली. जून २०२२मध्ये पंडितांच्या मध्य प्रदेशने त्याच चिन्नास्वामीवर चक्क मुंबईलाच सहा गडी राखून हरवले.

दोन वर्षांनी वानखेडेवर मुंबईसमोर विदर्भ उभा होता. दोन्ही संघ महाराष्ट्रातलेच. मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ धावा करताना अंतिम सामन्यात मुंबईकडून शतक करणारा सर्वांत तरुण फलंदाज हा तेंडुलकरचा विक्रम मोडला. ५३८ धावांच्या लक्ष्यासमोर अक्षय वाडकरच्या शतकामुळे विदर्भ ३६८पर्यंत पोहोचला आणि मुंबई १६९ धावांनी जिंकली. शेवटचा बळी घेतला तो कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने. वर्षभरातच नागपूरला विदर्भाने केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहूनही करंडक तिसऱ्यांदा जिंकला.